तळ्याकाठचा ले-आउट आणि दर पावसाळ्यात घरात येणारं पाणी: गटार मागावं की दुसरं काही?

तळ्याकाठी

मंडळी, सल्ला हवाय. बेळगावच्या कडेला जुन्या भातशिवारात झालेला आमचा ले-आउट. एका अंगाला गावतळं, दुसऱ्या अंगाला उताराने खाली नाला. वसाहतीचं नाव टाकत नाही. प्लॉट विकायला काढलेले शेजारी आधीच बजावून गेलेत की पाण्याचे फोटो कुठं टाकू नका, गिऱ्हाईक पळतंय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सगळ्या जिल्ह्याचेच हाल झाले, त्यामुळे आमच्या तिसऱ्या क्रॉसला (आडव्या गल्लीत) पाणी शिरलं याचं कुणाला नवल वाटलं नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पण आता तेवढा पाऊस लागतच नाही. वळवाची एक जोरकस सर आली की पाऊण तासात रस्त्यावर गुडघाभर पाणी, आणि पाऊस थांबला की तासाभरात गायब. श्रावणात झड लागली की वेगळंच. पाणी हळूहळू चढतं, दोन-दोन दिवस हलत नाही, आणि यूजीडीचं (जमिनीखालच्या सांडपाण्याच्या गटाराचं) चेंबर उलटं वाहायला लागतं.

येत्या रविवारी रहिवासी संघाची बैठक आहे. ठरावाचा मसुदा तयार आहे: तळ्याच्या कडेने थेट नाल्यापर्यंत रुंद काँक्रीट गटार आणि तळ्याच्या बाजूला संरक्षक भिंत. निवेदन छापूनही झालंय. मला दोन्ही मागण्या पटत नाहीत. तळ्याचा जुना सांडवा (तळं भरलं की जादा पाणी जायची वाट) पूर्वेला आहे, तिथून पाट निघून शिवारातून नाल्याला मिळायचा असं गावातली जुनी माणसं सांगतात. आज सांडव्यापुढे दोन कंपाउंड भिंती आहेत आणि रस्त्याखाली मोरी म्हणून एकच दोन फुटी सिमेंट पाइप. तोही अर्धा गाळाने भरलेला. बैठकीत नुसतं 'मला पटत नाही' म्हणून भागणार नाही. कुणी आकड्यांत सांगेल का?

दुसरा_क्रॉस

भिंत बांधाच. म्हणजे तुमचं पाणी आमच्यात आलं की आम्हीही एक भिंत मागतो. मग पहिला क्रॉस मागेल. शेवटी तळ्याला कंपाउंड आणि आम्हाला होडी.

लेव्हल_मशीन

ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच औषधाने जाणार नाहीत. वळवाचं पाणी तुमच्या स्वतःच्या छपरांवरचं आणि रस्त्यांवरचं. श्रावणातलं पाणी तळ्याचं, कारण तळं भरलंय आणि त्याला वाट नाही. संघाने आधी एवढं मान्य केलं तरी अर्धी बैठक वाचेल.

आता वळवाचा हिशेब. समजा, वरून तुमच्या पाइपाकडे येणारी जमीन १० हेक्टर आणि पाऊस तासाला ५० मिमी या वेगाचा. शेत असताना त्यातलं साधारण ३० टक्के पाणी वाहून येत असेल, बाकीचं बांधात थांबे, मुरे. तेव्हा सेकंदाला सुमारे ०.४ घनमीटर पाणी यायचं. छपरं, डांबर, अंगणभर पेव्हर झाले की ७० टक्के वाहतं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १ घनमीटर. पाऊस तोच, पाणी सव्वादोन पट. शिवाय गुळगुळीत रस्त्यावरून येतं म्हणून एकदम येतं.

दोन फुटी सिमेंट पाइप, ५०० ला १ उतार आणि आत गाळाचा कण नाही असं धरलं, तरी सेकंदाला पाव घनमीटरच्या थोडं वर वाहून नेतो. तीन फुटी पाइप ०.८ च्या आसपास, चार फुटी १.७. व्यास दुप्पट केला की क्षमता सहापटीवर जाते, हे लोकांच्या चटकन लक्षात येत नाही. तुमचा पाइप अर्धा भरलाय म्हणता. मग पाऊण तासात गुडघाभर पाणी येणारच.

हे आकडे अंदाजाचे आहेत. खरं काम करायचं तर लेव्हल घ्यावी लागेल, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजावा लागेल. कंत्राटदाराला एकच विचारा: किती वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरून डिझाइन केलंय? उत्तर द्यायला तो अडखळला तर डिझाइन झालेलंच नाही असं समजा.

शिवारातला

वाचतोय मघापासून. मोरी मोठी करा, गटार रुंद करा, छान. पण सगळं पाणी जाणार कुठं? आमच्या भातात. तुमचा तो नाला जिथं जातोय ना, तिथं आमचं शिवार हाय.

बळ्ळारी नाल्याकाठची गावं बघा की. येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळ, हलगा. दरसाल भात पाण्याखाली. मे-जूनला पेरलेलं उगवून येतंय तोवर नाला फुगतोय, मग दुबार पेरणी. बेळगावच्या बासमतीचं नाव सांगतात सगळे, वास घेतात, पण ते पिकतंय कुठं हे कुणी बघत नाही. नाल्यात जलपर्णी, गाळ, त्यात तुमच्या यूजीडीचं घाण पाणी. काठावरच्या जमिनीत उतरलं की अंगाला खाज सुटते.

शिवार होतं तेव्हा पाणी आमच्या बांधाबांधात थांबत होतं. ते शिवार विकलं, ले-आउट झाला. विकणारे आमचेच लोक, ते पण बोलतो. पण आता पाणी थांबायची जागा गेली म्हणून ते एकदम आमच्या अंगावर सोडा, असं कसं चालेल?

तळ्याकाठी

शिवारातला अण्णा, नेमकं हेच मला बैठकीत म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते.

पुण्यात_बेळगावकर

प्रत्येक घराने शोषखड्डा केला तर प्रश्नच संपेल ना? आमच्या सोसायटीत केलाय, पाण्याचा थेंब बाहेर जात नाही.

लेव्हल_मशीन

प्रश्न संपणार नाही, हलका होईल. हजार चौरस फुटांच्या छपरावर ५० मिमी पाऊस पडला की साडेचार हजार लिटरच्या वर पाणी होतं. पाच बाय पाच फुटी, सहा फूट खोल खड्डा मोकळा असेल तर सव्वाचार हजार लिटर मावेल. दगडगोटे भरले की जेमतेम दीड-पावणेदोन हजार. बाकीचं पाऊस चालू असताना मुरलं तर मुरलं.

दुसरं म्हणजे जमीन. बेळगावच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला जांभा, लाल माती. तिथं पाणी बऱ्यापैकी मुरतं. पूर्वेकडे काळी माती लागली की शोषखड्ड्याचं डबकं होतं. आणि जांभ्यातही ऑगस्टमध्ये खड्डा चालत नाही, कारण भूजल वर आलेलं असतं. आपल्याकडच्या जुन्या विहिरी त्या दिवसांत काठोकाठ भरलेल्या बघितल्या असतीलच. टिळकवाडीतली १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर घ्या नाहीतर कुठल्याही जुन्या वाड्यातली. विहीरच भरलीय तर शेजारचा खड्डा पाणी नेणार कुठं? म्हणून शोषखड्डा वळवासाठी आणि जूनच्या पहिल्या पावसासाठी उत्तम. झडीच्या दिवसांत त्याच्यावर भरवसा ठेवू नये. त्याला वरून ओव्हरफ्लो ठेवा आणि तो रस्त्याकडच्या गटारात सोडा. यूजीडीत नाही!

कुंदा_आणि_चहा

या शेवटच्या वाक्याला माझे शंभर गुण. आमच्या गल्लीत निम्म्या घरांचा गच्चीचा पाइप सरळ बाथरूमच्या चेंबरला जोडलाय. गवंड्याने सोपं पडतं म्हणून केलं, घरमालकाने बघितलं नाही. यूजीडीचा पाइप संडास-बाथरूमच्या पाण्याच्या मापाचा. त्यात सगळ्या छपरांचं पाणी ओतलं की ते सगळ्यात खालच्या घरातून वर येणार. सगळ्यात खालचं घर आमचं.

त्यात रस्त्यावर पाणी साचलं की पोरं उत्साहाने मॅनहोलचं झाकण उचलतात, पाणी लवकर जावं म्हणून. पाणी जातं खरं. पुढच्या क्रॉसच्या मोरीतून बाहेर येतं, आणि उरलेलं तळ्यात. शिवाय उघडं मॅनहोल गढूळ पाण्याखाली दिसत नाही. कुणी त्यात गेलं तर काय करणार?

घरापुरते उपाय सांगते. बाहेरच्या चेंबरच्या आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) बसवून घ्या, आणि मेच्या शेवटी तो उघडून साफ करा, नाहीतर केस-कचरा अडकून तो उघडाच राहतो. तळमजल्यावरचा मीटर आणि मोटारीचा स्टार्टर छातीच्या उंचीवर घ्या. जमिनीखालची टाकी असेल तर तिचं तोंड रस्त्यापेक्षा वर उचला. पुराचं पाणी एकदा टाकीत गेलं की टाकी उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुतल्याशिवाय ते पाणी वापरू नका. बोअरच्या केसिंगचंही तेच, तोंड उंच आणि घट्ट बंद.

दुसरा_क्रॉस

मावशी, रस्त्याचं पण लिहा की. दर चार वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर. बांधलं तेव्हा आमचं घर रस्त्यापेक्षा दीड फूट वर होतं, आता गेटातून आत उतरावं लागतं.

लेव्हल_मशीन

खरं आहे. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढा, ही मागणी लेखी द्या. फुकट मिळणारी नाही, पण भिंतीपेक्षा स्वस्त.

खानापुरी

एक शंका. आमच्या तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडे बेळगावच्या कित्येक पट पाऊस पडतो, पण आमच्याकडची जुनी तळी सहसा गावात शिरत नाहीत. सांडवा मोकळा ठेवतात, बस. तुमच्या तळ्याला खाली पाणी सोडायचा दरवाजा आहे का? असेल तर पावसाळ्याआधी पातळी खाली का आणत नाही?

तळ्याकाठी

दरवाजा आहे, गंजलाय. पातळी खाली आणायची म्हटलं की तीन बाजूंनी विरोध होतो. फिरायला येणाऱ्यांना भरलेलं तळं हवं. मासे धरण्याचा ठेका ज्याच्याकडे आहे त्याला हवं. आणि गणपती विसर्जन त्याच तळ्यात, म्हणून मंडळांना हवं. मंडळांशी वाद घालायची माझी छाती नाही, बेळगावात राहायचंय मला.

लेव्हल_मशीन

वाद घालू नका, हिशेब दाखवा. तळं समजा चार हेक्टरचं, म्हणजे दहा एकर. सांडव्याच्या पातळीपेक्षा एक फूट खाली ठेवलं तर १ कोटी २० लाख लिटरची जागा मोकळी. वरचं पाणलोट ४० हेक्टर धरा. एका दिवसात ५० मिमी पाऊस झाला आणि निम्मं पाणी वाहून तळ्यात आलं, तर ते १ कोटी लिटर. म्हणजे एका फुटात शंभर एकरांचं एका दिवसाचं पाणी तळं पोटात घेतं. खालच्या शिवारातल्या अण्णांकडे ते त्या दिवशी जात नाही. ऊन पडल्यावर दरवाजातून सावकाश सोडायचं, नाल्याला झेपेल तसं.

विसर्जनाला एक फूट कमी पाण्याने काही अडत नाही. मूर्ती बुडायला खोली लागते ती काठाजवळ. मंडळांना काठावर एक खोलगट हौद करून द्या. प्लास्टरचा गाळही तळ्यात जायचा थांबेल. त्या गाळाने तळ्याची किती जागा खाल्लीय, कुणी मोजलंय का?

शिवारातला

हे पटलं. सावकाश सोडा, आम्ही कधी नको म्हटलंय? पाणी तर आम्हालाबी लागतंय. रब्बीला मसूर, हरभरा घेतो, तेव्हा तळ्याचं पाणी मिळालं तर सोन्याहून पिवळं. एकदम नको, एवढंच.

पण दरवाजा कोण फिरवणार? रात्री दोन वाजता पाऊस आला तर वॉचमन झोपलेला. माझं ऐका, चावी दोघांकडं ठेवा. एक ले-आउटचा, एक शिवारातला. दोघं मिळूनच फिरवायचा.

उतारा_बघणारा

मी कागदाच्या बाजूने बोलतो. ठराव करण्याआधी तीन कागद हातात घ्या.

पहिला गावनकाशा. जुन्या नकाशात तळं, पाट, नाला, सगळं दाखवलेलं असतं. दुसरा, त्या सर्व्हे नंबरांचे उतारे. उताऱ्यात 'बी खराब' म्हणून क्षेत्र दाखवलंय का बघा. नाले, रस्ते, तळी अशा सार्वजनिक वापराची जमीन त्यात येते. ती कुणा खाजगी माणसाच्या मालकीची नसते, कितीही बाँड पेपर फिरवले तरी. सांडव्यापुढच्या त्या दोन कंपाउंड भिंती बी खराबात उभ्या असतील तर तुमचा अर्धा प्रश्न तिथंच आहे. मोबाइलवर राज्य सरकारचं दिशांक अॅप घेऊन सांडव्याजवळ उभे राहा, कुठल्या सर्व्हे नंबरात उभे आहात ते कळतं. पण अॅपच्या भरवशावर भांडू नका, मोजणी मागवा. तिसरा, ले-आउट मंजुरीचा नकाशा. त्यात पाट दाखवलाय की पुसलाय, आणि मोकळी जागा म्हणून जे सोडलंय ते नेमकं तळ्याच्या पोटातलं तर नाही ना?

तळं कुणाचं हेही आधी शोधा. कर्नाटकात ४० हेक्टरपर्यंत लाभक्षेत्र (तळ्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन) असलेली तळी जिल्हा पंचायतीकडे येतात, ४० ते २००० हेक्टरची लघुपाटबंधारे खात्याकडे. शहराच्या हद्दीत आलेल्या तळ्याचा ताबा आणखी कुणाकडे गेलेला असतो. चुकीच्या दारात अर्ज दिला तर सहा महिन्यांनी 'आमच्याकडे येत नाही' एवढंच उत्तर येतं.

राज्याचा २०१४ चा तळी संवर्धन कायदा आहे. त्यात तळ्यात आणि तळ्याच्या हद्दीपासून ३० मीटरमध्ये बांधकामाला बंदी घातली होती. २०२५ मध्ये तळ्याच्या आकारानुसार हे अंतर बदलणारं विधेयक विधिमंडळात आलं, म्हणून अर्जात आकडा घालण्याआधी वकिलाकडून सध्याची तरतूद बघून घ्या. आणि गंमत बघा, संघ जी संरक्षक भिंत मागतोय तीसुद्धा याच पट्ट्यात येणार!

मिरचीठेचा

अर्ज कुठल्या भाषेत द्यायचा ते सांगा म्हणजे खरी चर्चा सुरू होईल. 😀

उतारा_बघणारा

कन्नडमध्ये द्या, सोबत मराठी प्रत जोडा, दोन्हीवर पोच घ्या. तत्त्वाचा वाद घालायला दुसरे धागे आहेत, तिथं मीही येतो. इथं पाणी काढायचंय.

दुसरा_क्रॉस

भिंतवाले दोघेही संघाचे पदाधिकारी. पाडायला लावलं तर संघच फुटेल.

उतारा_बघणारा

पाडायचीच गरज नाही कदाचित. मोजणीत पाट नेमका कुठून जातो ते कळू दे. काही वेळा भिंतीखालून बॉक्स मोरी (चौकोनी काँक्रीटची) काढून पाण्याला वाट देता येते, मालक लेखी संमती देतो आणि भांडण टळतं. नाही दिली तर मग कायदा आहेच. पण सुरुवात कायद्याने केली तर पुढचे तीन पावसाळे तारखांवर जातील.

खानापुरी

आणि मोरीच्या तोंडाला जाळी लावताना तिरपी लावा. उभी जाळी प्लास्टिकने एका सरीत बंद होते, मग चार फुटी मोरीसुद्धा दोन फुटी.

लेव्हल_मशीन

+१. जाळी साफ करायला माणूस उतरू शकेल अशी पायरीही ठेवा. नंतर कुणाला सुचत नाही.

कुंदा_आणि_चहा

रस्त्याकडेच्या गटारांच्या ढाप्यांचं काय? दुकानदारांनी काँक्रीटने जाम केल्यात. गाळ काढणारे येतात, उघडता येत नाही म्हणून परत जातात. ठरावात घाला, की दर दहा फुटांवर एक ढापी उचलता आली पाहिजे. आणि काढलेला गाळ त्याच दिवशी उचला. गटाराच्या काठावर ढीग लावतात आणि पहिल्या पावसात तो परत आत.

तळ्याकाठी

सगळ्यांचे आभार. छापलेलं निवेदन बाजूला ठेवून रात्री नवा मसुदा लिहिलाय. बैठकीत वाचणार आहे, आधी इथं टाकतो.

संरक्षक भिंतीची मागणी वगळली. तळ्यापासून नाल्यापर्यंतच्या पाटाची मोजणी मागितली आहे, उतारे आणि गावनकाशा जोडून. सांडव्यापुढची वाट मोकळी करणं किंवा बॉक्स मोरी, मोजणीनंतर जे निघेल ते. दोन फुटी पाइपाच्या जागी मोठी मोरी, पण तिचं माप लेव्हल घेऊन आणि हिशेब लेखी देऊन. दरवाजाची दुरुस्ती, आणि मेअखेरपासून गणपतीपर्यंत तळं सांडव्याच्या एक फूट खाली. गच्चीचे पाइप यूजीडीतून काढण्यासाठी घराघरांची पाहणी आम्हीच करणार, त्यासाठी कुणाकडे अर्ज करायची गरज नाही. हे शेवटचं कलम बैठकीत सगळ्यात जास्त झोंबणार आहे.

शिवारातला

एक राहिलं. मोरी मोठी करण्याआधी खालच्या नाल्याचा गाळ आणि जलपर्णी काढायची. आधी खाली, मग वर. क्रम उलटा झाला तर शिवारातला एकबी माणूस सही देणार नाही.

तळ्याकाठी

पहिलंच कलम म्हणून घातलं. अण्णा, रविवारी सकाळी दहाला तळ्याच्या देवळात बैठक आहे. तुमच्यातले चार-पाच जण आलात तर बरं होईल. संघात 'शेतकऱ्यांना विचारायची काय गरज' म्हणणारे आहेत, समोर बसलात की म्हणणार नाहीत.

शिवारातला

येतो. भाताचं काम असलं तर थोडा उशीर होईल, पण आमच्याआधी ठराव वाचू नका.